पाडव्याआधीची चूल

फाल्गुन संपत आला की चिंचवड स्टेशनाबाहेर कांद्याचे टेम्पो उभे राहायला लागतात. भोंग्यावर एकच एक रेकॉर्ड दिवसभर चालू: चाकणचा कांदा, वर्षभर टिकणारा कांदा. बायका गोण्या दाबून बघतात, रिक्षावाले मध्ये मध्ये शिव्या घालतात, आणि टेम्पोच्या चाकाखाली गोणीच्या तळातून गळलेलं पिवळट पाणी साचतं. लोक त्याच्या दर्पाला कांद्याचा वास म्हणतात. चुकीचं आहे ते. ताज्या उपटलेल्या कांद्याला मातीचा आणि ओल्या पातीचा चांगला वास असतो. हा वास दबून सडलेल्या, आतून बुळबुळीत झालेल्या कांद्याचा. त्यात डिझेल आणि कंपनीच्या बसमधून खिडकीबाहेर थुंकलेला गुटखा मिसळतो. मी ओढणी नाकाला लावून जिना चढते. ऑफिसातला शेजारच्या टेबलावरचा मुलगा हसतो, "मॅडम, तुम्ही तर खेड तालुक्यातल्या. तुम्हाला सवय पाहिजे." सवय आहे म्हणूनच इतकी किळस येते, हे त्याला काय सांगायचं!

आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. परदेशातली माणसं हल्ली आपले पूर्वज शोधत असतात. त्यांच्यासाठी तिकडचे जुने हस्तलिखित कागद आम्ही स्क्रीनवर वाचतो आणि टाइप करतो. मोडी वाचावी तसं अंदाज बांधत वाचावं लागतं. शाईचे डाग, उंदरांनी कुरतडलेले कोपरे, कंटाळलेल्या कारकुनांची अक्षरं. या मोसमात माझ्या वाट्याला स्कॉटलंड आलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली शिरगणती, तीही खेड्यापाड्यांतली. नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, धंदा, जन्मगाव. एकेका घराच्या आठ-दहा ओळी आणि खाली रेघ.

त्यातलं एक घर माझ्या डोक्यात बसलं. गावाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही. शेतकरी जेम्स, वय बावन्न. बायको इझाबेला. दोन मुलगे, दोन मुली. जेम्सची म्हातारी आई, तिच्या धंद्याच्या रकान्यात काहीच नाही, म्हणजे दिवसभर सुनेच्या चुका काढत असणार. मग एक नांगर धरणारा गडी. आणि सगळ्यांत शेवटी जीन. नातं: नोकर. धंदा: दूधदुभतं बघणारी. वय तेवीस, लग्न नाही, जन्म दुसऱ्याच कुठल्या गावचा. दहा वर्षांनंतरच्या कागदावर तेच घर पुन्हा सापडलं. म्हातारी गेली होती, थोरली मुलगी गेली होती, गडी दुसराच होता. जीन होती, वय बत्तीस. दहा वर्षांत बाई नऊच वर्षांनी मोठी झाली होती. आणखी दहा वर्षांनी पाहिलं तर जेम्ससुद्धा गेलेला, मुलगा घरचा मालक झालेला, आणि शेवटच्या ओळीत पुन्हा जीन.

या शिरगणतीचा एक नियम आम्हाला आधीच समजावून दिला होता. ठरलेल्या रात्री त्या छपराखाली जो झोपला असेल, त्याचं नाव त्या घरात लिहायचं. मालक असो, पाहुणा असो, नोकर असो. मी काही त्या जेम्सला संत समजत नाही. जीन गोठ्याच्या माळ्यावर झोपत असेल, खालून शेणाचा आणि आंबलेल्या दुधाचा वास येत असेल, थंड पाण्यात लोणी धुऊन धुऊन तिची बोटं फुटली असतील, आणि इझाबेला तिला टाकून बोलत असेल. कागद यातलं काही सांगत नाही. तो एवढंच सांगतो की ती तिथे होती. पण तिसऱ्यांदा तिचं नाव टाइप केलं आणि माझा हात थांबला, कारण तिकडे कुरुळीला, माझ्या माहेरी, आमच्याही घरात एक शेवटची ओळ होती आणि ती कुठल्याच कागदावर नव्हती.

आमच्या घरच्या ओळी मला तोंडपाठ आहेत. कुटुंबप्रमुख आबा, म्हणजे माझे वडील. त्यांची बायको, माझी आई. मुलगी मी. मुलगा सुनील, माझ्याहून चार वर्षांनी लहान. एवढीच माणसं. आणि शेताच्या कडेला कांदाचाळ होती, कुडाच्या भिंतींची, वर पत्रा. तिच्या टोकाच्या खणात शेवंता राहायची. बीडकडून नवऱ्याबरोबर सालानं आली होती. दुसऱ्याच साली नवरा तापानं गेला आणि ती एकटीच राहिली. कांद्याची लावणी, खुरपणी, काढणी, गोठा, शेणघाण, सगळं तिच्याकडे. आमची चंद्री म्हैस फक्त तिच्या हाताला पान्हा सोडायची. आई बसली तर लाथ मारायची, आबा बसले तर दूधच चोरायची. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या बाईला मी आणि सुनील नुसतं "ए शेवंता" म्हणायचो. आमच्या घरात त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं.

आणि मला तिची किळस यायची. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? चैत्राच्या तोंडावर कांदा काढणीला यायचा. उपटलेला कांदा वावरात पातीसकट सुकायला पडायचा, मग पात कापायची, मग निवड. मोठा कांदा वेगळा, बारीक गोलटी वेगळी, सडका वेगळा. अवकाळीचा नुसता शिंतोडा आला तरी दोन दिवसांत ढिगात हात घातला की बोटं आत रुतायची. तो सडका कांदा निवडायचं काम शेवंताचं. कोपरापर्यंत हात त्या रेंद्यात, अंगावर चिलटं, आणि मधूनच पदरानं तोंड पुसायची. तो वास तिच्या लुगड्याला, केसांना, नखांना बाराही महिने असायचा. तिनं दिलेली भाजकी शेंग मी घ्यायची आणि तिची पाठ वळली की चंद्रीपुढे टाकायची. तिची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात पालथी घातलेली असायची, तिच्यावर माश्या. आई वरून चहा ओतायची. मला वाटायचं, वासामुळेच हे सगळं असं आहे.

सालगड्याचं साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. आमच्याकडे पाडव्याच्या दोन दिवस आधी आबा गोठ्याच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "शेवंता, साल भरलं." एवढंच. ती गाठोडं बांधायची, गोधडी, तवा, पितळी, आणि नदीच्या वाटेनं चालायला लागायची. मग आबा मला हाक मारायचे. "पोरी, जा, ती चूल मोडून टाक. चाळ झाडायचीय, नवा कांदा भरायचाय."

हे काम माझं होतं, आणि मला ते फार आवडायचं. शेवंताच्या खणात कोपऱ्यात मातीची चूल असायची, तिनंच घातलेली, पोतेरं देऊन गुळगुळीत केलेली. मी आधी तिच्यावर उभी राहायची. मग टाचेनं एक कड फोडायची, मग दुसरी. ढेकळं फुटताना होणारा आवाज, आतली काळी माती, अंगावर उडालेली राख, या सगळ्यानं मला उधाण यायचं. सुनील लहान होता, तो बाहेरून टाळ्या वाजवायचा. तुकडे उकिरड्यावर टाकायचे, आई येऊन ती जागा शेणानं सारवायची, काळा डागसुद्धा उरू द्यायची नाही. सारवताना ती एक शब्द बोलायची नाही. त्या वेळी मला वाटायचं, तिला शेणाचा कंटाळा आला असेल.

आबा स्वतः का मोडत नाहीत, असं मी एकदा विचारलं होतं. "कुणाची चूल मोडू न्हाई, दोष लागतो," ते म्हणाले. "लेकराच्या हातनं झालं तर काय न्हाई." मला तो मान वाटला. घरात माझ्याच हाताला जमणारं असं एक तरी काम होतं!

शिवाय त्या चुलीत माझ्यासाठी खाऊ असायचा. चूल अजून कोमट असायची आणि राखेत एक कांदा पुरलेला असायचा, भाजून मऊ झालेला. वरची काळी साल काढली की आतून वाफ यायची, गोडसर. जिच्या हातची शेंग मी खात नव्हते, तिच्या चुलीतला कांदा मी तिथेच उभ्या उभ्या खायची. दर वर्षी नाही, पण दोन-तीन वर्षं तरी असायचा. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की शेवंता तो माझ्यासाठीच ठेवून जाते. तिला ठाऊक आहे मी येणार, म्हणून. मोठी झाल्यावर हीच आठवण मी कितीतरी जणांना सांगितली. नवऱ्याला, मुलीला, ऑफिसात डबा खाताना. सांगताना मी डोळेसुद्धा पुसायची.

पाडव्याला गुढी उभी राहायची, कडुलिंब-गूळ तोंडात पडायचा, दुपारी चंद्रीच्या दुधाच्या चक्क्याचं श्रीखंड असायचं. घरी टांगलेलं, आईनं पुरणयंत्रातून फिरवलेलं. मी आणि सुनील वाटीवरून भांडायचो. पाडवा होऊन दोन दिवस झाले की नदीच्या वाटेनं शेवंता परत यायची. आबा म्हणायचे, "नवं साल लागलं." ती माती कालवायची, नवी चूल घालायची. दोन दिवस ती वाळेपर्यंत तीन धोंड्यांवर भाकरी भाजायची.

या सगळ्याचं कारण मला बाराव्या वर्षी कळलं. शेजारचे एक आजोबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "इतकी वर्सं ती बाई तुझ्या रानात ऱ्हाती. उद्या कूळ लागलं म्हंजी?" आबा हसले. "कसं लागंल? दर साली उठवतो की. चूल ठिवत न्हाई मी. चूल न्हाई म्हंजी ऱ्हाणं न्हाई." त्या आजोबांनी मान डोलावली. आता कोणीही वकील सांगेल की कांदाचाळीत झोपल्यानं आणि सडका कांदा निवडल्यानं कोणी कूळ होत नाही. पण आमच्या बाजूला ही भीती दुधाबरोबरच पाजतात. जमीन एकदा का दुसऱ्याच्या नावाला लागली की गेली, मग ती लागू नये म्हणून माणूस काहीही करतो. आबांनी माझी टाच वापरली.

मला त्या दिवशी कळलं. पण पुढच्या वर्षी मी पुन्हा जाऊन चूल मोडली. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. कांद्याचा खाऊ आठवत होता, आणि आबांनी हाक मारली तेव्हा "नाही" म्हणायला तोंड उघडलं नाही. त्या वर्षी राखेत कांदा नव्हता आणि मला शेवंताचा राग आला होता.

स्कॉटलंडातही गडीमाणसांचं साल असायचं, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांचं. आमच्या कामाच्या माहितीपत्रकात लिहिलंय. ठरलेल्या दिवशी बाजारात उभं राहायचं, शेतकऱ्यांनी येऊन निवडायचं, गाठोडं उचलायचं आणि नव्या शेतावर जायचं. म्हणून तर वीस वर्षं एकाच घरात टिकलेल्या जीनचं मला अप्रूप. आणि हे सगळं जुनं झालं असं समजायचं कारण नाही. आमच्याकडच्या कंपन्यांत कंत्राटी पोरांना सहा-सात महिने झाले की "ब्रेक" देतात. आठ दिवस घरी बसवायचं, मग नव्या कार्डावर पुन्हा घ्यायचं. पोरगा तोच, मशीन तेच, फक्त सलग नोकरी भरत नाही. ब्रेकवाली पोरं चौकात पाय पसरून मोबाइल बघत बसलेली असतात. कूळ कायदा कोणी वाचला नसेल, पण चूल मोडायची कला सगळ्यांना येते.

कांदाचाळीच्या जागी आता सुनीलच्या भाड्याच्या खोल्या आहेत. रान बरंचसं गेलं, गोठा गेला, चंद्री कधीच गेली. एका ओळीत बारा खोल्या, टोकाला दोन संडास, पुढे उघडं गटार. तीन पाळ्यांतली माणसं आळीपाळीनं एकाच गादीवर झोपतात. कोपऱ्याकोपऱ्यात लाल पिचकाऱ्या, पाण्याच्या टाकीवर शेवाळं, दोरीवर तेलकट गणवेश. सुनीलनं आबांची युक्ती सुधारून वापरलीय. अकरा महिने झाले की भाडेकरूला शेजारच्या खोलीत हलवतो. चार नंबरवाला पाचात, पाचवाला सहात. सिलिंडर, गादी, देवाचा फोटो डोक्यावर घेऊन माणसं एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरतात. "मूळ धरू द्यायचं न्हाई ताई," तो मला मोठ्या अभिमानानं सांगतो. मला त्या गटाराची किळस येते की त्या वाक्याची, हे ठरवायच्या आत तो चहा मागवतो.

शेवंता अजून तिथेच आहे. खोल्यांच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये राहते, संडास झाडते, जिना झाडते. सत्तरी उलटली असेल. मागेपुढे कोणी नाही. आणि या पाडव्यानंतर सुनील ते शेड पाडून तिथे तीन मजले चढवणार होता, जेसीबी ठरला होता.

यंदा पाडव्याला मी कुरुळीला गेले. गुढी गच्चीवर, खाली पाहुणे. सुनीलच्या बायकोनं बाजारचं श्रीखंड वाटीत घातलं, केशरी रंगाचं, चकचकीत. पहिला चमचा तोंडात घेतला आणि बाहेरून सडक्या कांद्याचा झोत आला. कोणीतरी भाडेकरू खराब गोणी गटारात रिकामी करत होता. ते श्रीखंड मला गिळता येईना. मी वाटी घेऊन मागच्या दारी गेले आणि तिथे शेवंता उभी होती. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कागद.

"माय, येवढं बग," ती म्हणाली. "घरकुलाचं हाय. ग्रामसेवक म्हन्तो, तू हितं किती सालं ऱ्हाती त्याचं कायतरी आन."

"आधार कार्ड आहे ना?"

"त्याच्यावर जुन्या रेसनकार्डावरचा, माज्या माहेरचा पत्ता हाय. तिकडं कुनी ऱ्हायलं न्हाई आता."

"मग?"

"ज्यांच्या रानात व्हतीस त्यांच्यातल्या कुनीतरी लिहून दिलं तरी चालंल, म्हन्तो. सुनीलशेठ न्हाई म्हनला." तिनं कागद पिशवीत परत घातले, पुन्हा काढले. "जेसीबी यायच्या आत पायजे. न्हाईतर कुठं जाऊ मी?"

आबांच्या मागे सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. सुनीलनं हक्कसोडीचे कागद दोनदा पुढे केले होते, मी दोन्ही वेळा विषय टाळला होता. म्हणजे मी लिहून दिलं तर त्याला वजन होतं. मी आत गेले आणि सुनीलला म्हणाले, मी देते लिहून.

त्यानं पाहुण्यांसमोर हसण्यावारी नेलं, मग मला जिन्यात ओढलं. "ताई, डोकं फिरलंय का तुझं? एकदा कागदावर आलं की म्हातारी जागा सोडंल का? कूळ लागंल!"

"संडास झाडणाऱ्या बाईला कसलं कूळ लागतं रे?"

"ते मला न्हाई माहीत. आबांनी उभ्या आयुष्यात एक अक्षर उमटू दिलं न्हाई. आन् तू एका सहीत घालवायला निघाली." त्यानं खालच्या पाहुण्यांकडे एकदा बघितलं. "माहेर पायजे का न्हाई तुला, ते ठरव."

त्याच्या तोंडाला वेलदोड्याचा आणि गुटख्याचा एकत्र वास येत होता. हाच तो, बाहेर उभा राहून टाळ्या वाजवणारा. पण त्याचा राग करणं मला जमेना. टाळ्या त्यानं वाजवल्या होत्या, टाच माझी होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी परत गेले, थेट शेवंताच्या शेडमध्ये. आत एक खाट, गॅसची छोटी शेगडी, कोपऱ्यात कोरड्या जागी कांद्याचा ढीग, एकही सडका नाही. मी खाटेवर बसले. "मावशी" म्हणावं असं ठरवून आले होते, पण जन्मभर न वापरलेला शब्द सहजी तोंडी येत नाही. कागद मांडीवर पसरला आणि मध्येच विचारलं, "तुला आठवतं का, तू चुलीत माझ्यासाठी कांदा ठेवून जायचीस?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुज्यासाठी?"

"हो ना. राखेत. मी चूल मोडायला आले की सापडायचा."

ती खळखळून हसली. दात फारसे उरले नव्हते. "न्हाई गं माय. ती माजी न्याहारी व्हती. तुजे आबा आवचित येऊन उबे ऱ्हायाचे, घाईत ऱ्हाऊन जायची. रातीला परत येऊन बगायची तर चूल बी न्हाई आन् कांदा बी न्हाई. मला वाटायचं कुत्र्यानं न्हेला."

तीस-पस्तीस वर्षं जी आठवण मी डोळ्यांत पाणी आणून सांगत फिरले, ती एका भुकेल्या बाईची न्याहारी होती. तोंडात तो भाजका गोड कांदा तसाच्या तसा आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कांद्याची नाही, माझ्या जिभेची किळस आली. मग तिच्या बोलण्यातला एक शब्द उशिरा माझ्या कानात शिरला.

"रातीला परत येऊन? तू तर गावी जायचीस ना त्या चार दिवसांत?"

"कोन्त्या गावी? कोन व्हतं तिथं? आन् यष्टीला पैका कुठला?" तिनं हातानंच खोल्यांपलीकडे दाखवलं, जिथे पूर्वी नदीकडचा बांध होता आणि आता कंपाउंडची भिंत आहे. "तिथं. बांधाच्या आड, बाभळीखाली. चार रोज तिथंच गोधडी."

"का?"

"का म्हंजी? चंद्रीची धार कोन काढनार?" ती मला समजावून सांगायला लागली, लहान पोरीला सांगावं तसं. "ती दुसऱ्याला दूद देती का? पहाटं यायची, धार काढायची, चरवी दारात ठिवायची, उजाडायच्या आत बांधाआड. तुजी आई दोन भाकरी बांधावर ठिवून जायची. बोलायची न्हाई काई. आन् मी बी न्हाई."

माझ्या डोळ्यांपुढे श्रीखंडाची वाटी आली. पाडव्याचं घरचं श्रीखंड, ज्यावरून आम्ही भांडायचो. शेवंता गावी गेलेली असताना ते दूध कोण काढत होतं, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला एकदाही पडला नव्हता. आईच्या सारवण्यातला मुकेपणा मला आता समजला, आणि तिचाही राग आला.

"आबांना माहीत होतं?" मी विचारलं.

"दूद रोज कुठून येतंय ते कुनाला ठावं नसतं, माय?" ती म्हणाली आणि खाली पडलेली कांद्याची टरफलं गोळा करायला लागली.

म्हणजे एक दिवससुद्धा ती तिथून हलली नव्हती. आबांचा तो दरसालचा ब्रेक, चूल फोडणं, सारवण, नवं साल लागलं म्हणणं, सगळं खोटं होतं आणि घरातल्या मोठ्या माणसांना ते खोटं असल्याचं माहीत होतं. फक्त बांधाआड झोपणाऱ्या बाईच्या अंगावरचं दव तेवढं खरं होतं. जेम्सच्या घरी आलेला तो शिरगणतीचा कारकून आमच्या दारात पाडव्याच्या रात्री आला असता, तर आबांनी चार नावं सांगितली असती. ज्या हातचं दूध आम्ही पीत होतो त्या हाताचं नाव कोणीच सांगितलं नसतं. मीही नाही. मी तर चांगल्या अक्षरात ती चार नावं लिहून दिली असती.

बाहेर कोणीतरी पाच नंबरमधून सहा नंबरमध्ये गादी ओढत नेत होतं. सुनीलचा आवाज येत होता, "आजच रिकामी पायजे." मी पेन काढलं.

ग्रामसेवकानं दिलेला कागद साधाच होता, झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं उडालेली. असली अक्षरं वाचण्यात माझं आयुष्य चाललंय. अर्जदाराचं नाव. मी "शेवंता" लिहिलं आणि पुढचं नाव विचारलं, कारण मला ते माहीतच नव्हतं. तिनं सांगितलं, मी लिहिलं. किती वर्षांपासून वास्तव्य. लिहिलं. लिहून देणाऱ्याचं अर्जदाराशी नातं. तिकडे जीनपुढे "नोकर" लिहिलं होतं, पण तो जीनचा रकाना होता. इथे विचारलं होतं ते माझ्याबद्दल. मी लिहिलं, तिच्या हातच्या दुधावर वाढलेली.

मग पुढचा प्रश्न. सदर वास्तव्य मध्ये खंडित झाले होते काय?

"काय इचारतोय?" शेवंतानं विचारलं.

"मध्ये कधी हे ठिकाण सोडलं होतंस का, असं."

ती घाबरली. "ते चार रोज लिवावं लागंल का?"

"नाही, मावशी," मी म्हणाले, आणि लिहिलं, नाही.

खाली शेवटची ओळ होती. ही माहिती आपणास कशावरून आहे? असे दाखले देणाऱ्या बाकीच्यांनी तिथे "शेजारी असल्याने" किंवा "वैयक्तिक ओळखीने" असं काहीतरी खरडलं असेल. मी माझ्या चांगल्या, वळणदार अक्षरात लिहिलं: दर वर्षी पाडव्याआधी तिची कोमट चूल मी माझ्या पायाने मोडत असे. आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली.